साचा, परवाना आणि सुपरहिरो : कॉमिक्समधील पात्रांच्या संग्राह्य फिगर्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमिक्समधील पात्रांच्या अ‍ॅक्शन फिगर्स जमवणाऱ्या आणि जमवू इच्छिणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न किमतीचा असो, उंचीचा असो किंवा एखादे आवडते पात्र बाजारात का येत नाही असा असो, त्याचे उत्तर बहुधा दोनच गोष्टींपाशी येऊन थांबते. एक म्हणजे पोलादी साच्याचा खर्च आणि दुसरी म्हणजे ते पात्र वापरण्याचा परवाना. त्यामुळे पुढील उत्तरांत या दोन्हींचा उल्लेख वारंवार येईल.

अ‍ॅक्शन फिगर आणि शोभेचा पुतळा यांत फरक कोणता?

फरक सांध्यांचा आहे. पुतळा शिल्पकाराने ठरवलेल्या एकाच पवित्र्यात कायमचा उभा असतो, तर फिगरची मान, खांदे, कोपर, कंबर आणि गुडघे फिरवून तिला हवा तो पवित्रा देता येतो. हा प्रकार बाजारात रुजवला तो अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने, १९६४ साली, ‘जी. आय. जो’ या सुमारे १२ इंची सैनिकाच्या रूपाने. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत या भीतीने कंपनीने तिला ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नाव दिले आणि पुढे संपूर्ण व्यवसायाने ते उचलले.

बाहुली की खेळणे, हा वाद पुढे न्यायालयातही गेला. अमेरिकेत आयात होणाऱ्या बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क असे. मार्व्हल कॉमिक्सच्या टॉय बिझ या कंपनीने असा युक्तिवाद केला की, बाहुली म्हणजे मानवाची प्रतिकृती, आणि मार्व्हलचे एक्स-मेन हे उत्परिवर्ती सुपरहिरो काही मानव नव्हेत. २००३ साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी तो मान्य केला. ज्या पात्रांची सगळी कहाणीच ‘आम्हालाही माणूस म्हणून स्वीकारा’ या मागणीवर उभी आहे, त्यांच्याच बाजूच्या कंपनीने ते माणूस नसल्याचे सिद्ध करून कर वाचवला, ही गोष्ट एक्स-मेनच्या वाचकांना तेव्हाही बोचली आणि आजही बोचते.

कॉमिक्समधील नायकांच्या फिगर्स सर्वप्रथम कोणी काढल्या?

ठळक आरंभ म्हणून १९६६ सालच्या ‘कॅप्टन अ‍ॅक्शन’कडे बोट दाखवता येते. आयडियल कंपनीने काढलेल्या या फिगरची कल्पना स्टॅन वेस्टन यांची, जी. आय. जोच्या मूळ कल्पनेचे जनकही तेच. कॅप्टन अ‍ॅक्शन स्वतः कोणत्याही कॉमिकमधला नव्हता. तो बहुरूपी होता, आणि सुपरमॅन, बॅटमॅन, अ‍ॅक्वामॅन, कॅप्टन अमेरिका यांचे पोशाख आणि मुखवटे वेगळे विकत घेऊन त्याला चढवायचे, अशी ती योजना होती. म्हणजे शरीराचा साचा एकच आणि नायक अनेक. या पोशाखांत फँटमचाही पोशाख होता. इंद्रजाल कॉमिक्समधून ज्याला आपण ‘वेताळ’ म्हणून ओळखतो, तोच हा. आपल्याकडच्या वाचकांना परिचित असलेला नायक खेळण्याच्या रूपात इतक्या आधी आला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परंतु या छंदाचा खरा पाया घातला न्यूयॉर्कच्या मेगो कंपनीने. तिची ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट सुपरहीरोज’ ही ८ इंची मालिका १९७२ साली सुरू झाली आणि बॅटमॅन, रॉबिन, सुपरमॅन व अ‍ॅक्वामॅन हे तिचे पहिले चार मानकरी होते. मेगोची हुशारी अशी की शरीर सर्वांचे सारखेच ठेवायचे, केवळ डोके नवे घडवायचे आणि वर शिवलेले कापडी कपडे घालायचे. त्यामुळे नवे पात्र बाजारात आणण्याचा खर्च फारच कमी होई. त्या काळी डीसी आणि मार्व्हल या दोन्ही प्रकाशकांचे परवाने मेगोकडेच असल्याने सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन एकाच उंचीचे, एकाच शरीराचे आणि एकाच मांडणीचे मिळत. परवाने वाटले गेल्यानंतर हे चित्र आजतागायत सहजासहजी पुन्हा दिसलेले नाही.

मेगोच्या सर्वांत दुर्मीळ वस्तूंत १९७४ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीसाठी काढलेल्या ‘गुप्त ओळखी’ येतात, म्हणजे क्लार्क केंट, ब्रूस वेन, पीटर पार्कर आणि डिक ग्रेसन. मुलांना सुपरहिरो हवा होता. सूट घातलेला सभ्य गृहस्थ कोणाला हवा असणार? म्हणून त्या फार खपल्या नाहीत आणि म्हणूनच आज त्यांना मोठी किंमत येते. १९७६ च्या सुमारास ‘स्टार वॉर्स’चा परवाना मेगोने नाकारला, तो केनर कंपनीने घेतला आणि १९७८ पासून पावणेचार इंची फिगर्सनी बाजार काबीज केला. १९८२ साली मेगो दिवाळखोरीत गेली. २०१८ साली हे नाव पुन्हा बाजारात आले आहे. त्यामुळे ‘मेगो’ असे लिहिले आहे एवढ्यावरून वस्तू जुनी समजू नये.

१९८४ या वर्षाचा उल्लेख संग्राहक इतका का करतात?

कारण त्या वर्षी दोन प्रकाशकांचे नायक दोन वेगळ्या कंपन्यांच्या छताखाली, एकमेकांसमोर उभे राहिले. केनरने डीसीच्या पात्रांची ‘सुपर पॉवर्स’ मालिका काढली, तर मॅटेलने मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’.

सुपर पॉवर्स आजही अनेकांच्या मते त्या दशकातील सर्वोत्तम मालिका आहे आणि हे मत मलाही पटते. सुपरमॅनचे पाय दाबले की त्याचे हात ठोसा मारत; अन्य काही फिगर्समध्ये हात दाबले की पाय हलत. ही यंत्रणा लहानशा धडात बसवूनही शरीराची प्रमाणबद्धता बिघडली नाही, याचे श्रेय शिल्पकारांना आणि वेष्टनावरील होसे लुईस गार्सिया-लोपेझ यांच्या रेखाटनांना जाते. या मालिकेसाठी डीसीने जॅक कर्बी यांच्याकडून त्यांच्याच ‘न्यू गॉड्स’मधील पात्रांची नव्याने रेखाटने करून घेतली, जेणेकरून त्यांना स्वामित्वधन मिळावे. शेकडो पात्रे घडवूनही ज्यांच्या हाती त्यांचे हक्क राहिले नाहीत, अशा कलावंताला खेळण्यांच्या निमित्ताने का होईना, काही मिळाले. कॉमिक्सच्या इतिहासात अशी उदाहरणे मोजकीच आहेत.

सीक्रेट वॉर्सची कथा उलटी आहे. तेथे आधी खेळण्यांचा करार झाला आणि मग जिम शूटर यांनी त्या निमित्ताने १२ अंकांची मालिका लिहिली. ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे शब्द मुलांना आवडतात असे मॅटेलच्या पाहणीत दिसले, म्हणून नाव तसे ठेवले गेले. फिगर्स मात्र साध्याच होत्या. मान, दोन खांदे आणि मांड्यांचे दोन सांधे, एवढीच काय ती हालचाल, आणि हातात एक ढाल, जी कॅप्टन अमेरिका वगळता कोणाच्याही कामाची नव्हती. तरीही स्पायडर-मॅनचा काळा पोशाख याच काळात कॉमिकमध्ये आला आणि १९८५ साली केवळ रंग बदलून त्याची फिगर निघाली. इलेक्ट्रो, आइसमॅन आणि कॉन्स्ट्रिक्टर या तिघांचे वितरण तर फक्त युरोपात झाले. अमेरिकी संग्राहकांना त्यांच्याच देशातल्या नायकासाठी अटलांटिक ओलांडावा लागतो, तो यामुळे.

एकाच मालिकेतील निरनिराळ्या नायकांचे शरीर हुबेहूब सारखे का असते?

पूर्वी मेणात किंवा मातीत आणि आता बहुधा संगणकावर घडवलेल्या मूळ शिल्पावरून पोलादाचे साचे कोरले जातात. दंड, मनगट, मांडी, पाऊल अशा प्रत्येक भागासाठी साच्यात स्वतंत्र पोकळी लागते आणि तीत वितळलेले प्लास्टिक दाबाने भरले जाते. यांतील प्लास्टिक आणि रंग स्वस्त असतात, साचा मात्र अतिशय महाग असतो. तीस-पस्तीस सांध्यांच्या फिगरसाठी पूर्ण नवा साचा करायचा, तर हजारो नग खपल्याखेरीज तो खर्च भरून निघत नाही. म्हणून कंपन्या सडपातळ, मध्यम, धिप्पाड अशी काही ठरावीक शरीरे तयार ठेवतात आणि त्यांवर नवे डोके, नवा पट्टा किंवा नवे बूट बसवून पात्र बदलतात. सुपरहिरोंचे पोशाख अंगाला चिकटलेले आणि केवळ रंगाने वेगळे होणारे असल्यामुळे ही युक्ती त्यांच्या बाबतीत जितकी खपून जाते, तितकी युद्धपटातल्या किंवा पौराणिक पात्रांच्या बाबतीत खपत नाही.

हे समजले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. अर्जेंटिनात पासिपा या कंपनीने सुपर पॉवर्सच्या साच्यांवरून एक रिडलर काढला होता. तो खरे पाहता रंग बदललेला ग्रीन लँटर्न आहे. साचा तोच, कारखाना दुसरा, आणि आज तो त्या मालिकेच्या चाहत्यांसाठी सर्वांत दुर्मीळ वस्तूंपैकी एक आहे. तेव्हा ‘कंपनीने आळस केला’ ही तक्रार अर्धीच खरी मानावी. जुन्या साच्यामुळेच अनेक दुय्यम पात्रांना फिगर मिळते. नव्या साच्याच्या अटीवर ती कधीच निघाली नसती.

फिगर्सच्या उंचीचे इतके प्रकार का, आणि कोणता निवडावा?

पावणेचार इंची फिगर साधारण १/१८ प्रमाणाची, ६ इंची १/१२ प्रमाणाची आणि १२ इंची १/६ प्रमाणाची असते. पावणेचार इंचीचा फायदा असा की तिच्यासोबत वाहने आणि इमारती परवडणाऱ्या किमतीत काढता येतात. १२ इंचीत खरे कापड, शिवण आणि माणसासारखी त्वचा साधता येते. हाँगकाँगची हॉट टॉइज ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते, मात्र तिचा भर कॉमिकच्या रेखाटनापेक्षा चित्रपटातील कलावंताच्या चेहऱ्यावर असतो.

कॉमिक्सच्या संग्राहकांसाठी आजचे प्रमाण माप ६ इंच हेच आहे आणि ते रूढ केले टॉय बिझने २००२ साली ‘मार्व्हल लेजंड्स’ मालिकेने. पहिल्या संचात कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, हल्क आणि टोड होते. दुहेरी कोपर, दुहेरी गुडघे, वळणारी बोटे आणि सोबत एक कॉमिक, एवढे सारे साध्या खेळण्याच्या किमतीत मिळते हे पाहून तेव्हाचे संग्राहक चकित झाले होते. २००७ पासून परवाना हॅस्ब्रोकडे आहे. डीसीच्या बाबतीत घडी तशी बसली नाही. मॅटेलने ६ इंची मापात ‘डीसी युनिव्हर्स क्लासिक्स’ ही उत्तम मालिका काढली होती, पण २०२० पासून परवाना मॅकफार्लेन टॉइजकडे गेला आणि त्यांनी ७ इंची माप स्वीकारले. परिणामी एकाच कपाटात जुना सुपरमॅन नव्या बॅटमॅनच्या खांद्याला लागतो. यावर उपाय नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच माप धरून राहावे, एवढाच सल्ला देता येईल.

मला हवे असलेले पात्र का निघत नाही आणि बॅटमॅन मात्र दर वर्षी का निघतो?

कंपनीला परवान्यासाठी प्रकाशकाला ठरावीक रक्कम द्यावी लागते, मग माल खपो वा न खपो. त्यामुळे प्रत्येक संचात खात्रीने खपणारे एखादे मोठे नाव घालून त्याच्या आधारावर अनोळखी पात्रे बाजारात आणली जातात. शिवाय परवाना हा पात्राचा सरसकट नसतो. तो मापानुसार, किमतीच्या पट्ट्यानुसार आणि प्रदेशानुसार वाटलेला असतो. म्हणूनच एकाच स्पायडर-मॅनच्या फिगर्स हॅस्ब्रो, जपानची मेडिकॉम आणि अमेरिकेची मेझको या तिघीही काढू शकतात.

परवान्याच्या भानगडीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे पात्र स्वतःचेच असणे. टॉड मॅकफार्लेन यांनी १९९२ साली इमेज कॉमिक्समधून ‘स्पॉन’ आणला आणि १९९४ साली त्याच्या फिगर्स स्वतःच काढायला सुरुवात केली. कंपनीचे नाव आधी ‘टॉड टॉइज’ होते. बार्बीच्या भावाचेही नाव टॉड असल्याने मॅटेलच्या आक्षेपानंतर ते बदलून मॅकफार्लेन टॉइज झाले. शिल्पातील बारकाव्यांचा जो ध्यास त्यांनी घेतला, त्यामुळे इतर कंपन्यांनाही आपला दर्जा वाढवावा लागला. मात्र त्यांच्या त्या काळातील फिगर्स हलवण्यापेक्षा पाहण्यासाठीच अधिक होत्या, हेही खरे.

स्त्री पात्रांच्या फिगर्स जुन्या संचांत इतक्या कमी का?

सीक्रेट वॉर्समध्ये एकही स्त्री नव्हती. सुपर पॉवर्सच्या संपूर्ण संचात फक्त वंडर वुमन होती. मेगोचा काळ त्या मानाने उदार म्हणावा लागेल, कारण तेथे वंडर वुमन, सुपरगर्ल, बॅटगर्ल आणि कॅटवुमन यांसारख्या अनेक जणी होत्या. पुरुषाच्या शरीराचा साचा स्त्री पात्राला चालत नाही, म्हणजे साच्याचा वेगळा खर्च, आणि दुसरीकडे ‘मुलगे स्त्री पात्र घेत नाहीत’ ही दुकानदारांची ठाम समजूत. या दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसत राहिल्या. २०१५ साली अ‍ॅव्हेंजर्सच्या चित्रपटात ब्लॅक विडो ज्या मोटरसायकलवर बसून विमानातून खाली झेपावते, त्या मोटरसायकलच्या खेळण्यावर तिच्याऐवजी कॅप्टन अमेरिकाला बसवण्यात आले आणि त्यावर बरीच टीका झाली. आता संग्राहकांसाठीच्या ६ इंची मालिकांत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. एकदा स्त्री शरीराचे चांगले साचे तयार झाल्यावर कंपन्यांनी तेही पुन्हा पुन्हा वापरायला सुरुवात केली, इतके हे साधे होते.

‘बिल्ड-अ-फिगर’ म्हणजे काय?

एका संचातील प्रत्येक फिगरसोबत एका मोठ्या फिगरचा एकेक भाग येतो आणि सर्व भाग जोडल्यावर ती पूर्ण होते. मार्व्हल लेजंड्समध्ये ही पद्धत २००५ साली गॅलॅक्टसपासून सुरू झाली. एका पायासाठी नको असलेले पात्र विकत घ्यावे लागते, हा तिचा दोष. पण एरवी एवढे धिप्पाड पात्र दुकानात ठेवायला कोणी तयार झाले नसते. त्याहून मोठ्या फिगर्ससाठी हॅस्ब्रोने आगाऊ नोंदणीची ‘हॅसलॅब’ योजना आणली. २०२० साली तीत सुमारे २६ इंची सेंटिनलची आणि २०२१ साली ३२ इंची गॅलॅक्टसची नोंदणी झाली. ठरलेल्या संख्येइतके ग्राहक मिळाले तरच साचा कोरला जातो. म्हणजे साच्याचा धोका कंपनीकडून सरळ ग्राहकाकडे सरकवलेला असतो.

भारतात या फिगर्स इतक्या महाग का पडतात?

२०२० साली खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. त्याखेरीज १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश लागू आहे, ज्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक ठरते. त्यामुळे परदेशी दुकानातून मागवलेले पार्सल सीमाशुल्क विभागात अडकू शकते, आणि खोक्यावर ‘प्रौढ संग्राहकांसाठी’ असे छापलेले असले तरी तेवढ्याने शुल्क टळत नाही. परदेशातील नातेवाइकाने ‘भेट’ म्हणून टपालाने पाठवले तरी सवलत मिळेल, ही समजूतही आता जुनी झाली आहे. ती सवलत २०१९ च्या अखेरीस काढून घेण्यात आली. मागणी नोंदवण्यापूर्वी त्या दिवशीचे दर पाहून एकूण खर्च काढावा. अनेकदा येथील अधिकृत आयातदाराची किंमत चढी वाटली तरी सारा हिशेब केल्यावर तीच कमी भरते.

भारतात कधी अशा फिगर्स तयार होत होत्या का?

होय, आणि जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात. फनस्कूल या कंपनीने, जिचे कारखाने गोवा आणि तमिळनाडूत आहेत, हॅस्ब्रोच्या साच्यांवरून पावणेचार इंची जी. आय. जो फिगर्स येथे काढल्या. हे पात्र मूळ कॉमिकमधले नसले, तरी १९८२ पासून मार्व्हलने काढलेले लॅरी हामा यांचे कॉमिक आणि त्यांनीच वेष्टनामागे लिहिलेली पात्रपरिचयाची टिपणे यांमुळे कॉमिक्सच्या संग्राहकांनी या फिगर्सना आपल्यातच धरले आहे. फनस्कूलच्या फिगर्सचे रंग अमेरिकी आवृत्तीहून वेगळे, कधीकधी भलतेच भडक असत. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या अनेकांच्या माळ्यावर त्या अजूनही पडून असतील.

अस्सल आणि नकली फिगर कशी ओळखावी?

अस्सल फिगरच्या पाठीवर, तळपायावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूस प्रकाशकाचे आणि उत्पादकाचे नाव व वर्ष उमटवलेले असते. ते वर्ष शिल्पाच्या हक्काचे असते, ती विशिष्ट फिगर तयार झाल्याचे नव्हे. त्यामुळे केवळ त्यावरून वय ठरवू नये. नकली फिगर बहुधा अस्सल फिगरवरून घेतलेल्या साच्यात ओतलेली असल्याने मापाने किंचित लहान भरते, डोळ्यांची छपाई सरकलेली असते आणि खोके उघडताच रसायनाचा उग्र वास येतो. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळणारी स्वस्त फिगर मुलाला खेळायला हवी म्हणून घेणे ही गोष्ट वेगळी, पण तीच अस्सल म्हणून ऑनलाइन विकली जाते तेव्हा खरी फसवणूक होते. विक्रेत्याकडे सांध्यांची, पाठीची आणि खोक्याच्या तळाची स्वतंत्र छायाचित्रे मागावीत. जुन्या मेगो फिगर्समध्ये आणखी एक अडचण असते: हातमोजे, बूट आणि पट्टे यांच्या नव्याने बनवलेल्या प्रती उघडपणे विकल्या जातात, आणि पुढच्या व्यवहारात त्या मूळच्या म्हणून खपवल्या जातात.

खोके उघडावे की सीलबंद ठेवावे?

उघडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वस्तूचे सारे कौशल्य सांध्यांत आहे, ती प्लास्टिकच्या खिडकीआड ठेवण्यात फारसे हशील नाही. त्यात एक व्यावहारिक कारणही आहे. हॅस्ब्रोने प्लास्टिक कमी करण्यासाठी २०२२ च्या सुमारास खिडकी नसलेली खोकी आणली, तेव्हा आतील फिगर काढून भलतेच काही भरून खोके दुकानात परत करण्याचे प्रकार घडू लागले. पुढे कंपनीने पारदर्शक खिडकी परत आणली. त्या काळातील बंद खोके घेतले असेल, तर आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. खोकेच जपायचे असेल, तर चिकटपट्टी धारदार पात्याने कापावी आणि खोके घडी घालून सपाट ठेवावे.

पावसाळ्यात फिगर्स चिकट होतात, त्याला बुरशी लागली म्हणायचे का?

बहुधा नाही. फिगरचे मऊ भाग पीव्हीसीचे असतात आणि ते लवचीक राहावे म्हणून त्यात मृदुकारक द्रव्य मिसळलेले असते. उष्णतेत आणि बंद हवेत हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि बोटांना चिकट लागते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि नंतर हवा खेळती राहील अशा जागी ठेवावे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट वापरल्यास रंगच निघून येईल. कापडी पोशाखाच्या फिगर्स पाण्यात बुडवू नयेत.

बुरशी येते ती पुठ्ठ्यावर आणि कापडावर. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या महिन्यांत खोकी भिंतीला टेकवून ठेवू नयेत आणि कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. कपड्यांच्या कपाटातल्या सवयीने येथेही डांबरगोळ्या ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारची प्लास्टिके मऊ पडतात आणि रंग बिघडतो. रंगीत रबरी वस्तू किंवा मऊ प्लास्टिकची पिशवीही फिगरला महिनोन्महिने चिकटून राहू देऊ नये, कारण एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो.

पांढरे आणि फिकट निळे भाग पिवळे पडतात ते मुख्यतः सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे. खिडकीसमोरची फळी म्हणूनच वर्ज्य. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा घालवण्याचे प्रयोग अनेक जण करतात, पण रंगवलेल्या भागांवर ते धोक्याचे असते.

सांधा अडकला किंवा तलवार वाकली, तर काय करावे?

दोन्हींवर उपाय गरम पाण्याचाच. नवी फिगर खोक्यातून काढताच सांधा जोराने फिरवू नये. रंग सुकताना तो आतून चिकटलेला असू शकतो आणि जोर केल्यास खीळ तुटते. तो भाग मिनिटभर गरम, पण उकळत्या नव्हे अशा पाण्यात धरावा आणि मग हलक्या हाताने फिरवावा. वाकलेली तलवार गरम पाण्यात सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवली की तशीच राहते. सैल सांध्यात पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन तो सुकेपर्यंत सांधा हलवत राहावा. पावणेचार इंची जी. आय. जोच्या कमरेत असलेले रबरी वलय वयोमानाने तुटतेच. त्याचे नवे वलय मिळते आणि पाठीचा स्क्रू उघडून ते सहज बदलता येते.

फिगर्समध्ये पैसे गुंतवावेत का?

नाही. नव्वदच्या दशकातील टॉय बिझच्या फिगर्स ‘पुढे किंमत येईल’ म्हणून असंख्य लोकांनी सीलबंद जपल्या, आणि सर्वांनीच जपल्यामुळे त्यांतील बहुसंख्य आजही स्वस्तात मिळतात. किंमत चढते ती जे त्या वेळी खपले नाही त्याची. वर उल्लेखलेल्या मेगोच्या गुप्त ओळखी किंवा मालिका ओसरत असताना १९८६ साली आलेला सुपर पॉवर्सचा सायबॉर्ग ही त्याची उदाहरणे आहेत. आज काय दुर्लक्षित राहील हे आधी ओळखणे जवळपास अशक्य असते, आणि ओळखता आले तरी साचा कंपनीकडेच असल्याने ती पुनरावृत्ती काढून भाव पाडू शकते. अमेरिकेतील ए.एफ.ए.सारख्या संस्था फिगरची स्थिती तपासून १०० पैकी गुण देतात आणि ती अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून पाठवतात. खरोखर मौल्यवान वस्तूसाठी ते ठीक आहे; भारतातून पाठवण्या-आणण्याचा खर्च पाहता साध्या फिगरसाठी तो आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

लहान मुलांना या फिगर्स खेळायला द्याव्यात का?

संग्राहकांसाठीच्या फिगर्सचे सुटे हात, शस्त्रे आणि टोकदार भाग लहान असतात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती त्या मुळीच देऊ नयेत. मोठ्या मुलांसाठी कमी सांध्यांच्या आणि भक्कम फिगर्स त्याच कंपन्या वेगळ्या काढतात आणि त्या स्वस्तही असतात.

माळ्यावर जुन्या फिगर्स सापडल्या, तर विकण्याआधी काय पाहावे?

प्रथम काहीही धुऊ किंवा फेकू नये. जुन्या फिगरची निम्मी किंमत तिच्या शस्त्रांत, केपमध्ये आणि पट्ट्यात असते, तेव्हा त्याच खोक्याच्या तळाशी पडलेले बारीकसारीक तुकडे वेगळ्या पाकिटात गोळा करावेत. फाटका पुठ्ठा असला तरी तो ठेवावा, कारण त्यावरील उत्पादकाच्या नावावरून ती अमेरिकी आवृत्ती आहे की भारतीय हे ठरते. तुटलेला भाग घरगुती गोंदाने चिकटवू नये आणि उडालेला रंग पुन्हा भरू नये. रंग भरलेली फिगर जाणकार ग्राहक लगेच ओळखतो आणि तिची किंमत न रंगवलेल्या, झिजलेल्या फिगरपेक्षाही कमी धरतो. भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेल्या रकमा न पाहता, पूर्ण झालेल्या व्यवहारांच्या रकमा पाहाव्यात.